मंत्रिमहोदय, एकदा पासिंगच्या खड्ड्यात उतरा

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

रस्त्यावरचे खड्डे बांधकाम खात्याचे, त्याबद्दल मी आपल्याला त्रास देणार नाही. पण एक खड्डा आपल्याच खात्याचा आहे. पासिंगच्या ट्रॅकवर सिमेंटनं बांधलेला, खांद्याइतका खोल, पायऱ्यांनी उतरायचा. गाडी वर उभी राहते आणि निरीक्षक खाली उभा राहून बॅटरीच्या उजेडात तिचं पोट बघतो. नोकरीची २९ वर्षं मी गाड्यांच्या पोटाखाली काढली. पहिल्या कार्यालयात तर खड्डाही नव्हता. गोणपाट अंथरून सरळ गाडीखाली शिरायचं, आणि घरी गेलं की बायकोनं शर्ट चिमटीत धरून बादलीत टाकायचा.

आरटीओ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं जे चित्र येतं ते मला माहीत आहे. एजंट, फायलीत घडी केलेली नोट, गाडी न बघता मारलेला शिक्का. ते चित्र खोटं आहे असं मी म्हणणार नाही, तसं म्हणालो तर माझी माणसंच हसतील. पण त्याच ट्रॅकवर गाडीखाली जाऊन काम करणारीही माणसं असतात. त्यांचं काम काय असतं, ते या पत्रात सांगायचं आहे. कारण आता ते काम हळूहळू कुणाचंच राहणार नाही, अशी लक्षणं दिसतायत.

गाडीची चासी म्हणजे दोन लांब चॅनेल, म्हणजे पन्हाळीसारख्या आकाराच्या पोलादी तुळया, आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. इंजिन, पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा), टाकी, बॉडी, माणसं, माल, सगळं त्यावर. चाक, ब्रेक, दिवे बदलता येतात. चासी बदलली तर ती गाडीच दुसरी होते, म्हणून तर नंबर तिच्यावर ठोकलेला असतो. १७ अक्षरं नि आकडे, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधी येत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. खाडाखोड करणाऱ्याला एवढंही माहीत नसतं. एका ट्रकच्या नंबरात मला चक्क 'ओ' भेटला होता. पंच मारणाऱ्यानं शून्याचा ठसा हरवला म्हणून जवळचा वापरला असणार.

खोटा नंबर ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही, वेळ लागतो. कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उठते. ग्राइंडर फिरलेला असेल तर तिथला पत्रा बोटाला किंचित खोलगट लागतो, अक्षरांची खोली कमीजास्त असते, ओळ चालत चालत वर जाते. मूळ नंबर घासून काढला तरी तो पुरता जात नाही. ठसा बसताना खालचा धातूही दबलेला असतो, म्हणून प्रयोगशाळेत आम्ल लावलं की जुने आकडे पुसट का होईना वर येतात. हे सगळं करायचं तर आधी कुणीतरी गुडघे टेकून चिखल खरवडून तो नंबर वाचायला हवा. हल्ली मालकानं मोबाइलवर काढून आणलेला फोटो फाईलला लागतो आणि भागतं. फोटोला बोट लावून बघता येत नाही.

पण मला जास्त बोलायचं आहे ते तड्याबद्दल.

चासीला तडा एका दिवसात जात नाही. तो बहुधा चॅनेलच्या वरच्या किंवा खालच्या काठावर सुरू होतो, कारण गाडी लवते तेव्हा सगळ्यात जास्त ताण त्या काठांवर येतो. म्हणूनच कंपन्या बॉडी बांधणाऱ्यांना बजावून सांगतात की काठावर भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका, पाडायचं तर मधल्या उभ्या भागात पाडा. आणि आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत काय दिसतं? सामानाची पेटी लटकवायला काठावर भोक, एसीचा कंप्रेसर बसवायला काठावर वेल्डिंग. वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूचं पोलाद आपला मूळ कस गमावतं, आणि तडा नेमका वेल्डला लागून निघतो. मालक म्हणतो, "साहेब, पट्टी मारलीय की, उलट डबल मजबूत झाली." पट्टी जिथं संपते तिथून पुढचा तडा निघतो, हे त्याला सांगून पटत नाही.

तडा दिसतोही विचित्र. आधी दिसतो तो गंज. सैल रिव्हेटच्या भोवती किंवा तड्याच्या रेषेवर तांबूस भुकटी उतरलेली असते, पावसात ती ओघळते, जखमेतून रक्त आल्यासारखी. ठणठणीत रिव्हेटवर हातोडी मारली तर टण्ण आवाज येतो, सैलाचा बद्द येतो. आणि सगळ्या चासीवर धूळ असताना वीतभर जागेवरच ताजा काळा रंग किंवा जळकं ऑइल फासलेलं दिसलं, की समजायचं, मालकानं आपल्याला पत्ता लिहून दिलाय.

एक गाडी सांगतो. स्लीपर बस होती, रात्रीची पुण्याला जाणारी. मालक कोण, कार्यालय कुठलं, ते राहू द्या. मागच्या पाट्याच्या हँगरजवळ, म्हणजे पाटा चासीला जिथं अडकवतात त्या कंसाजवळ, डाव्या चॅनेलच्या खालच्या काठावर मला दोन बोटं लांबीचा तडा सापडला. तडा कुठवर आलाय ते नंतर कळावं म्हणून त्याच्या टोकाला सेंटर पंचनं, म्हणजे टोकदार छिन्नीनं, एक ठिपका मारायची माझी सवय होती. ठिपका मारला, गाडी नापास केली, कारण लिहिलं. ड्रायव्हर बिचारा खालीच उभा होता. म्हणाला, "साहेब, मला वळणावर मागून कटकट ऐकू येतीया, पन मालक म्हनतो टपावरचं सामान वाजतंय."

दोन दिवसांनी माझी ड्युटी वायुवेग पथकावर, म्हणजे रस्त्यावर गाड्या अडवून तपासायला, लागली. लागते, त्यात कट होता असं मी म्हणत नाही. परत ट्रॅकवर आलो तोवर ती बस पास होऊन गेली होती.

आठ महिन्यांनी ती पुन्हा भेटली. एका पोलीस ठाण्याच्या आवारात, टेम्पोला घासल्याच्या किरकोळ अपघातात जमा झालेली. अपघातग्रस्त गाडीची यांत्रिक तपासणी आमच्याकडेच असते, म्हणून गेलो. आवारात खड्डा कुठला असायला. जमिनीवर आडवा झालो, बॅटरी मारली आणि काळ्या रंगाखाली माझाच ठिपका दिसला. तडा त्याच्या पुढं चार बोटं गेला होता. वर एक पट्टी ठोकलेली, आणि पट्टीच्या कडेनं तो वर चढायला लागला होता.

त्या अहवालात मुख्य प्रश्न असतो, अपघात यांत्रिक दोषामुळं झाला का? मी प्रामाणिकपणे 'नाही' लिहिलं, कारण टेम्पोला घासायला तडा कारण नव्हता. तड्याबद्दल वेगळा कागद जोडला. त्या कागदाचं पुढं काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. आठ महिने त्या बसमध्ये रात्री पडदा ओढून माणसं झोपत होती.

आता यंत्रांकडे येतो. स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केंद्रानं २०२१ साली केले. अवजड गाड्यांना ती सक्तीची करायची तारीख आधी १ एप्रिल २०२३ होती, मग ती १ ऑक्टोबर २०२४ वर गेली. मी यंत्रांच्या विरोधात नाही. रोलरवर चाक फिरवून प्रत्येक अ‍ॅक्सलचा ब्रेक किती जोर धरतो हे जे यंत्र सांगतं, ते माझ्या बुटाला कधीच कळलं नसतं. आम्ही वर्षानुवर्षं चालत्या रहदारीत भर रस्त्यावर ब्रेक टेस्ट घेतल्या. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की २५० मीटरचा स्वतंत्र ट्रॅक असल्याशिवाय फिटनेस प्रमाणपत्र देऊ नका. तेव्हा यंत्र आलं हे चांगलंच झालं, आणि यंत्राला चहापाणी लागत नाही, हेही आहेच.

पण यंत्र मोजतं ते ब्रेक, दिवे, धूर, आवाज, स्पीडोमीटर. तडा मोजणारं यंत्र त्या रांगेत नाही. सांधे सैल आहेत का ते बघायला चाक डावीउजवीकडं हलवणाऱ्या लोखंडी पाट्या असतात, पण त्याही फक्त हलवतात. किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ, खेळतोय की नाही, हे खाली खड्ड्यात उभा असलेला माणूसच बॅटरी लावून बघतो. चासी, रिव्हेट, क्रॉस मेंबर, पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट हे 'नजरेनं तपासायचे' मुद्दे. म्हणजे कोट्यवधींच्या केंद्रातही सगळ्यात जुनं काम डोळ्यांवरच आहे, आणि ते डोळे कुणाचे, त्याला एका गाडीमागं किती मिनिटं मिळतात, हे प्रमाणपत्र हातात घेतलेल्या माणसाला कळत नाही. केंद्र खासगी, गाड्यांच्या संख्येवर चालणारं. रांगेत गाड्या उभ्या असताना खड्ड्यातला पोरगा हातोडी घेऊन एकेक रिव्हेट वाजवत बसेल? मी सरकारी नोकरीत असून एका दिवशी ४० गाड्या पाहिल्या आहेत. 'पाहिल्या' हा शब्द मी जपून वापरतोय.

८ ऑक्टोबर २०२२ ला नाशिकला खासगी बस पेटली, १२ माणसं गेली. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात बसच्या अपघातात २५ गेली. या दोन्हींत चासीचा दोष होता असं माझं म्हणणं नाही. सांगायचं ते त्यानंतरचं. अशा प्रत्येक वेळी तपासणी मोहीम निघते, रस्त्यावर बस अडवून आम्ही आपत्कालीन दरवाजा, अग्निशामक, परवाना बघतो, फोटो निघतात. रस्त्याच्या कडेला बसच्या खाली कोण जाणार? मोहिमेत खड्डा सोबत नेता येत नाही.

माझं मागणं खर्चाचं नाही. गाडी नापास झाली की तिचं कारण, तड्याच्या फोटोसकट, चासी नंबरला चिकटलं पाहिजे. नंबर प्लेटला नाही, कार्यालयाला नाही, चासीला. आता फिटनेस कुठल्याही जिल्ह्यात, परराज्यातही घेता येतो, ते सोयीचं आहे. पण मग सोलापुरात नापास झालेली गाडी लातूरच्या खड्ड्यावर उभी राहिली की तिथल्या माणसाला स्क्रीनवर पहिल्यांदा तेच दिसायला हवं: डावा चॅनेल, मागचा हँगर, खालचा काठ, अमुक तारीख. मग तो पास करणार असेल तर दुरुस्त झालेल्या त्याच जागेचा फोटो टाकून, स्वतःच्या नावानं करेल. माझा सेंटर पंचचा ठिपका जे काम आठ महिने एकटा करत होता, तेच संगणकाला करायला सांगतोय.

आणि खड्ड्यातल्या माणसाचं नाव प्रमाणपत्रावर येऊ द्या. 

बॉडी बांधणाऱ्यांबद्दल एकच. मागचा लोंबता भाग व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या, ६० टक्क्यांहून जास्त नसावा, असा नियम आहे. दोन बर्थ जास्त बसावेत म्हणून मागचं चॅनेल वाढवलेल्या बसा मी टेप लावून पकडल्या आहेत. पण ते बॉडी पूर्ण होऊन, फ्लोअर आणि गालिचा बसून आल्यावर. फ्लोअर बसण्याआधी जोड उघडा असतो, तेव्हा कुणी गेलं तर पाच मिनिटांचं काम आहे.

गाळप हंगाम लागला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पासिंगला येतात, न येणाऱ्या जास्त असतात. त्यांच्या ड्रॉबारचं, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायच्या दांड्याचं, भोक एकदा बघा. गोल असायला हवं ते घासून घासून अंडाकृती झालेलं असतं, पिनेला चावीऐवजी तार पिळलेली असते, आणि मागं दोन ट्रॉल्या उसानं डोक्यावर भरलेल्या. या विषयावर वेगळं पत्र होईल, कारखाने आणि राजकारण आलं की माझ्यासारख्याला फार लिहू देत नाहीत.

नव्यानं भरती झालेली मुलं हुशार आहेत, मुलीही आल्या आहेत. पदवी आहे, संगणक येतो. त्यातल्या एकीला मी निवृत्त होताना माझी हातोडी दिली. ती म्हणाली, "सर, ट्रॅक बंद होणार म्हणतात, मग मी ही कुठं वापरू?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आपण कुठल्याही कार्यालयाला भेट द्यायला जाल तेव्हा हार, पायघड्या, सादरीकरण होईलच. त्यानंतर दहा मिनिटं काढून खड्ड्यात उतरा. वर एखादी आठ वर्षं चाललेली स्लीपर बस उभी करायला सांगा, आणि मागच्या हँगरपाशी बॅटरी मारा. कळवलंत तर मी येईन, पायऱ्या उतरायला गुडघे अजून साथ देतात. फक्त पांढरा शर्ट घालून येऊ नका. गिअरबॉक्सचं तेल ठिबकतं आणि ते धुतल्यानं जात नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मोटार वाहन निरीक्षक