डेव्हिस चषकाची जुनी लढत परत आणा

महोदय,

टेनिसमधील देशादेशांच्या संघांच्या डेव्हिस चषकाचा निर्णय आता एकाच शहरात, आठवड्याभरात लागतो, हे मनाला पटत नाही. १९०० मध्ये अमेरिका व ब्रिटन यांच्यातील लढतीने सुरू झालेल्या या स्पर्धेचा जीव यजमान देशाच्या प्रेक्षागृहात होता. कोर्ट मातीचे की गवताचे, हे यजमानाने ठरवायचे आणि पाहुण्या संघाने त्या गोंगाटात उभे राहायचे. चार एकेरी, मध्ये एक दुहेरी आणि प्रत्येक सामना पाच सेटपर्यंत! २०१५ मध्ये बेल्जियमने घेंटला मातीचे कोर्ट निवडले, तरी अँडी मरेने दोन्ही एकेरी आणि भाऊ जेमीसोबत दुहेरी जिंकून ब्रिटनला चषक मिळवून दिला. तीन दिवसांची ती झुंज विसरता येत नाही.

२०१९ पासून अंतिम टप्प्यात दोन एकेरी, एक दुहेरी आणि तीनच सेट. खेळाडूंचे वेळापत्रक भरगच्च असते, हे मान्य. पण त्रयस्थ शहरातल्या रिकाम्या खुर्च्यांपुढे देशासाठी खेळायचे? पात्रता फेरीत यजमानपद टिकले आहे. किमान अंतिम लढत तरी दोघांपैकी एका देशात, पाच सेटची व्हावी.

– एक टेनिसप्रेमी वाचक