जोड्या लावताना आधी क्रमांक पाहा

संपादक महोदय,

पाश्चात्त्य अभिजात संगीतकार आणि त्यांच्या रचना यांच्या जोड्या लावायच्या कोड्यांत बहुतेक जण नावावरून अंदाज बांधतात आणि तिथेच फसतात. आधी सूचीक्रमांक, म्हणजे संगीतकाराच्या रचनांच्या सूचीत त्या रचनेला दिलेला क्रमांक, पाहावा. ‘के’ म्हणजे बहुधा मोझार्ट, ‘बीडब्ल्यूव्ही’ बाख, ‘डी’ शूबर्ट, ‘आरव्ही’ विवाल्डी. ‘ओपस’ (रचनेचा क्रमांक) कुणाचाही असू शकतो, तो शेवटी सोडवावा. मोझार्टचे क्रमांक साधारण कालक्रमाने चढतात. के ६२६ हे त्याचे अपुरे राहिलेले रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थनारचना. बाखची सूची मात्र रचनाप्रकारानुसार आहे, त्यामुळे मोठा आकडा म्हणजे उतारवयातली रचना असे समजू नये.

खरी कसरत एकाच नावाच्या ऑपेरांची. ‘बार्बर ऑफ सेव्हिल’ रोसिनीचा १८१६चा, पण पैझिएल्लोचा १७८२चा. ‘ला बोएम’ पुच्चिनीने १८९६ मध्ये रंगमंचावर आणला, लिओनकाव्हालोने १८९७ मध्ये. दोघेही यादीत असतील तर एकाला दुसऱ्या रचनेत अडकवून मोकळे व्हावे: ‘पालियाच्ची’ हा लिओनकाव्हालोचा ऑपेरा दिसला की तो तिकडे गेला, ‘ला बोएम’ पुच्चिनीचा.

‘पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन’ मुसोर्गस्कीने १८७४ मध्ये पियानोसाठी लिहिले. वाद्यवृंदासाठीची गाजलेली मांडणी रावेलची, १९२२ची. प्रश्नात ‘मूळ’ हा शब्द आहे का, ते तपासावे. द्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ जुन्या तबकड्यांवर पाचवी सिंफनी असते, आता ती नववी.

कोडे रचणाऱ्यांनी निदान समान नावाच्या रचनांपुढे साल छापावे. त्याविना दोन उत्तरे बरोबर ठरतात, आणि छापले जाते एकच.

— एक वाचक, पुणे