देखाव्यात प्रेक्षकालाही सामील करा

मा. संपादक,

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील गणेश मंडळे हलते देखावे हौसेने उभारतात. पण प्रेक्षक दोरीपलीकडेच राहतो. २०१२ साली लंडनच्या बार्बिकन कलाकेंद्रातील ‘रेन रूम’ या कृत्रिम पावसाच्या कलाकृतीत कॅमेरे माणूस टिपत आणि तो उभा असेल तिथलाच पाऊस थांबे. नवोदित कलाकारांनी आधी हेच ठरवावे: माणूस जवळ आला की काय बदलणार?

सुरुवातीला आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), ध्वनिलहरींनी माणसाचे अंतर मोजणारा एक अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि मीटरला ६० दिव्यांची, प्रत्येक दिवा स्वतंत्र चालणारी ५ व्होल्टची एलईडी पट्टी पुरे. पूर्ण पांढरी पेटली की ती मीटरमागे सुमारे ३.६ अँपिअर ओढते. म्हणून तिला वेगळा वीजपुरवठा हवाच. मात्र त्याची आणि आर्डुइनोची ग्राउंड (ऋण) वायर एकमेकींना जोडावी, नाहीतर दिवे वाटेल तसे लुकलुकतात. टोकाचे दिवे पिवळट पडले तर त्या टोकालाही वीज द्यावी. सेन्सरसमोर मखमलीचा पडदा तर नकोच. कापड ध्वनिलहरी शोषते आणि अंतर चुकते.

मंडळांनी यंदा मंडपाचा एक कोपरा चित्रकला शिकणाऱ्या मुलामुलींना द्यावा, सामानाचा खर्च वर्गणीतून उचलावा.

– काही कलाशिक्षक व मंडप सजावटकार, शहापूर, बेळगाव