कुंडीतल्या झाडांचा सहवास

संपादक महोदय,

अंगण आणि परसबाग मागे ठेवून पणजी, म्हापसा किंवा फोंड्यातील फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या आमच्यासारख्यांना कुंडीतील झाडे केवळ शोभेसाठी लागतात, असे मानणे बरोबर नाही. मनीप्लांट, स्नेक प्लांट आणि अँथुरियम यांची देखभाल करताना निवृत्तीनंतर माझ्या उतावळ्या स्वभावाला चांगलाच लगाम बसला. गोव्याच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की कुंडीतील माती वरून सुकलेली दिसली तरी आत ओलीच राहते. म्हणून बोट दोन पेरे खुपसून पाहिल्याशिवाय पाणी घालू नये, नाहीतर मुळे कुजतात आणि पाने पिवळी पडतात. अँथुरियमचे नवे पान आधी तांबूस, तुकतुकीत आणि नाजूक असते, मग दिवसागणिक हिरवे आणि टणक होत जाते. ते न्याहाळण्यासाठी सकाळचा चहा मी खिडकीपाशीच घेतो.

घरातील झाडे हवा शुद्ध करतात, हा दावा मात्र जपूनच स्वीकारावा. त्यासाठी ज्याचा दाखला दिला जातो, तो नासाचा १९८९ मधील अभ्यास हवाबंद पेट्यांमध्ये झाला होता. उघड्या खिडक्यांच्या घरात चार कुंड्यांनी तसा फरक पडत नाही. झाडांची माया लागायला त्या आधाराची गरजही नाही म्हणा! कुंडीखालच्या बशीतील पाणी मात्र आठवड्यातून एकदा तरी ओतून बशी घासावी, कारण डेंग्यू पसरवणारे डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला अंडी घालतात.

– एक वाचक, फोंडा