पहिल्या वर्षी पेन्सिलच हवी

संपादक महोदय,

आर्किटेक्चरच्या मुलांकडून पहिल्या वर्षापासूनच सगळं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर करून घ्यावं, असं सांगणारा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला आणि ते अजिबात पटलं नाही. सॉफ्टवेअर यायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण स्क्रीनवर सारखं झूम करत राहिलं की मापाचा अंदाज डोळ्यात बसतच नाही, आणि कागदावर १:१०० ला काढायचं तर एक मीटर म्हणजे एक सेंटीमीटर, तिथे पळवाट नाही. जिनाच घ्या, मजल्याची उंची तीन मीटर आणि एकेका पायरीची उंची १५० मिलिमीटर धरली तर वीस चढ होतात, एवढा जिना प्लॅनमध्ये किती जागा खातो हे हाताने एकेक रेघ मारताना जे कळतं ते सॉफ्टवेअरमधला तयार जिना उचलून टाकताना कळत नाही हो! बाउहाउस ही जर्मनीतली कला आणि डिझाइनची शाळा १९१९ साली सुरू झाली तेव्हाही मुलांना आधी लाकूड, काच, कागद हाताळायला लावायचे, वास्तुकलेचा वेगळा विभाग तर थेट १९२७ मध्ये निघाला. म्हणून डिझाइन स्टुडिओचं, म्हणजे कॉलेजातल्या प्रत्यक्ष डिझाइनच्या तासांचं, निदान पहिलं वर्ष तरी पेन्सिल, ट्रेसिंग पेपर आणि हाताने केलेल्या मॉडेल्ससाठी राखून ठेवावं, सॉफ्टवेअर दुसऱ्या वर्षी शिकवलं तरी ही मुलं ते पटकन उचलतात.

– एक वाचक