मटौरा नदीकाठून आबांना पत्र

गोर, साउथलँड, न्यूझीलंड
नोव्हेंबर, पहिला आठवडा

ती. आबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर नीट बोलणं होत नाही. तुम्ही गोठ्यात असता, मी दुधाच्या पाळीवर, आणि महत्त्वाचं बोलायला लागलं की आवाज तुटतो. म्हणून पत्रच लिहितोय. मी शिकारीला जातो हे कळल्यापासून आजी माझ्याशी दोन वाक्यं बोलते आणि फोन आईकडं देते. तिच्या गळ्यात माळ आहे, तिचा राग मला कळतो. पण दिवाळीत तुम्हीही विचारलंत, "आपल्या घरात हे कुणी केलं नाही, तुला कुठून लागलं?" त्याचं उत्तर एका दमात देता येत नाही. आणि मला तुम्हाला इथं बोलवायचंय. तुम्ही मनात काही धरून येऊ नये म्हणून मी सुट्टीला काय करतो ते आधी सगळं सांगतो.

सगळं एका नदीभोवतीच आहे. मटौरा तिचं नाव. उत्तरेला आयर डोंगरांत ती उगवते, गार्स्टन नावाच्या चिमुकल्या गावापाशी अजून ओढ्याएवढीच असते, मग शंभरेक किलोमीटर खाली आमच्या गोरजवळून जाते आणि दक्षिणेला समुद्राला मिळते. वर रान, मध्ये शेती आणि गाई, खाली गावं. दाजीपूरच्या रानातून भोगावती खाली येते तसंच. इथं आल्यावर पहिली ओळख झाली ती या नदीशीच, माणसांशी नंतर.

गोरमध्ये चौकात ट्राउट माशाचा भला मोठा पुतळा आहे. ब्राऊन ट्राउटची जागतिक राजधानी असं हे गाव स्वतःला म्हणवतं, आणि ते खरं वाटावं इतके मासे नदीत आहेत. पण आबा, इथली मासेमारी आपल्यासारखी नाही. आपण गांडूळ लावून गळ टाकायचो, दोरीला बांधलेला धाटाचा तुकडा बुडाला की ओढायचो. मरळ असो, शिंगटी असो, चिलापी असो, गांडूळ सगळ्यांना चालायचं. इथला ट्राउट बघून खातो. पाण्यातून बारीक माश्या निघतात, मेफ्लाय म्हणतात त्यांना. त्या वर येऊन पंख वाळवतात तेवढ्या वेळात मासा त्यांना टिपतो. आपण पिसं आणि दोरा गुंडाळून गळावर तसलीच खोटी माशी तयार करायची. तिला वजनच नसतं, म्हणून ती फेकायला दोरीच जाड आणि जड असते. काठी मागं, पुढं, आणि दोरी हवेत उलगडत जाऊन माशी अलगद पाण्यावर पडली पाहिजे. जोरात आपटली की मासा गेलाच.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर माश्या एकदम निघतात आणि अख्खं पात्र माशांच्या तोंडांनी ठिपक्याठिपक्याचं होतं. गंमत म्हणजे तेव्हाच मासा सगळ्यात जास्त हट्टी असतो. शेकडो खऱ्या माश्या वाहत असताना तुमची खोटी कशाला खाईल? उभा आहे तो कुठला किडा खातोय ते ओळखायचं, त्याच मापाची, त्याच रंगाची माशी लावायची. तुम्ही मला शिकवलेलं, की आधी पाणी बघ, मग गळ काढ, ते इथं जितकं उपयोगी पडतं तितकं रंकाळ्यावरही पडलं नव्हतं.

परवाना लागतो. बहुतेक नद्यांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल एवढाच हंगाम. किती मासे घरी न्यायचे तेही ठरलेलं. आणि ट्राउट विकायला कायद्यानं बंदी आहे, ना बाजारात मिळतो, ना हॉटेलात. खायचा असेल तर धरा, नाहीतर धरणाऱ्यानं दिला तर खा. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. विकता येत नाही म्हणून नदीत जाळी पडत नाहीत, जिलेटिन फुटत नाही. मीही बहुतेक मासे सोडूनच देतो. हात आधी ओला करायचा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग तो जगत नाही. एखादा घरी आणतो. रवा आणि आपला कांदा-लसूण मसाला लावून तव्यावर टाकला की तुमची सून शेजाऱ्यांनाही बोलावते.

अजून एक गोष्ट तुम्हाला पटेल. २००४ साली इथल्याच वायाऊ नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, बाहेरून आलेलं. ते दगडांवर ओल्या गोधडीसारखं पसरतं. एका नदीतला एक थेंब दुसऱ्या नदीत गेला तरी पुरे. म्हणून नदी बदलताना बूट, जाळं, सगळं साबणाच्या पाण्यात धुवायचं आणि खडखडीत वाळवायचं. तळाला फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं लोकरीसारखं जाड कापड, लावलेले बूट तर बंदच केलेत, कारण ते लवकर वाळत नाहीत. कुणी पहारा देत नसतं, तरी माणसं वाकून बूट धुताना दिसतात. पंचगंगेत मेलेल्या माशांचा थर तरंगल्याच्या बातम्या इथून वाचतो तेव्हा मला हे बूट धुणारे आठवतात.

अर्थात इथलं सगळं निर्मळ आहे असं समजू नका. गेल्या तीसेक वर्षांत साउथलँडमध्ये गाई प्रचंड वाढल्या आणि त्यांच्या मुताबरोबर नायट्रेट जमिनीत, जमिनीतून नदीत गेलं. त्याच गाईंवर माझं पोट आहे. आता ओढ्यांना कुंपण घालावं लागतं, शेणाचं पाणी तळ्यात साठवून जमीन कोरडी असेल तेव्हाच शेतात सोडावं लागतं. फार्मवर ते काम मी मागून घेतलंय. ज्या नदीत मासा धरायचा, तिच्यात आपलंच शेण सोडायचं हे मला जमणार नाही.

गाडीबद्दल धाकट्यानं विचारलंय. जुनी सुझुकी डीआर ६५० घेतलीय. एकच सिलिंडर, पाण्याचा रेडिएटर नाही, इलेक्ट्रॉनिक भानगड नाही. येझदी उघडून बसवणाऱ्याला ही समजायला एक दुपार पुरे, फक्त किकनंच गिअर टाकायची ती येझदीची करामत हिच्यात नाही. इथंही गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळं सवय मोडावी लागली नाही. मुख्य रस्ता सोडला की खडीचे रस्ते. गार्स्टनहून नेव्हिस खोऱ्यातून बॅनॉकबर्नला एक रस्ता जातो, देशातला सगळ्यात उंच सार्वजनिक रस्ता, तेराशे मीटरवर चढतो. हिवाळ्यात बर्फानं बंद. वाटेत वीसच्या वर ओढे, पूल एकावरही नाही. ओढा आला की आधी उतरून चालत जायचं. पाणी गुडघ्याच्या वर आणि जोरात असेल तर मागं फिरायचं. नसेल तर पहिला गिअर, नजर पलीकडच्या काठावर, ॲक्सिलरेटर एकसारखा. भुईबावड्याच्या घाटात पावसात तुमच्या मागं बसून आलोय, त्यामुळं निसरड्याची भीती तेव्हाच गेली. इथली भीती एकटेपणाची आहे. दिवसभरात माणूस दिसत नाही, फोन लागत नाही. म्हणून अंगावर लोकेटर बीकन, म्हणजे अडचणीत आपली जागा कळवणारं यंत्र, ठेवतो आणि कुठून जाणार, कधी परतणार ते घरी लिहून ठेवतो. आईला हे नक्की सांगा.

तुम्ही आलात की पहिल्यांदा इन्व्हरकार्गिलला नेणार. तासाभराच्या आत पोचतो. तिथं हार्डवेअरच्या एका दुकानात इथल्याच बर्ट मन्रोची १९२० सालची इंडियन स्काउट मोटरसायकल ठेवलीय. मूळ गाडी ताशी ९० किलोमीटरच्या आसपास धावणारी. या माणसानं आपल्या शेडमध्ये आयुष्यभर तिच्यावर काम केलं. पिस्टन स्वतः ओतले, कनेक्टिंग रॉड हातानं घडवले. १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेत बोनव्हिलच्या मिठागरावर तिला ताशी २९५ किलोमीटरच्या वर पळवलं. तो विक्रम हजार सीसीच्या आतल्या वर्गात आजही त्याच्या नावावर आहे. त्याचे फुटलेले पिस्टनही लोकांनी जपून ठेवलेत. ते बघताना मला उद्यमनगरातल्या ओतशाळा दिसत होत्या. लेथवर पार्ट करून देतो म्हणणारी आपली माणसं त्याला बघता क्षणी ओळखतील.

आता शिकार. हे आजीला सावकाश वाचून दाखवा.

या देशात माणूस येण्याआधी जमिनीवर चालणारं, दूध पाजणारं एकही जनावर नव्हतं. वटवाघळं तेवढी होती. हरीण, बकरी, ससा, डुक्कर, सगळं माणसानं आणलं. हरणं तर इंग्रजांनी निव्वळ शिकारीच्या हौसेसाठी एकोणिसाव्या शतकात जहाजातून आणली. इथल्या रानाला चार पायांच्या चरणाऱ्यांची सवयच नाही, आणि हरणाला खाणारा वाघ-बिबट्या इथं कुणी नाही. हरणं वाढली, बीच नावाच्या झाडांच्या रानातली खालची रोपं खाऊन टाकली. म्हातारी झाडं उभी, खाली पोरगं झाड एकही नाही. १९३० साली सरकारनं हरणांचं संरक्षण काढून घेतलं आणि पुढं पगारी शिकारी ठेवले. आजही सरकारी रानात शिकारीचा परवाना फुकट मिळतो, कारण शिकारी आला नाही तर ते काम सरकारला पैसे देऊन करून घ्यावं लागतं.

ट्राउटही बाहेरचाच, १८६७ साली टास्मानियाहून अंडी आणली. त्यानं इथले बारके मूळ मासे खाल्ले. तरी त्याला हंगाम, परवाना, मर्यादा, सगळा मान. हरणाला नाही. हा दुजाभाव मला आजही पुरता पटलेला नाही.

बंदुकीचा परवाना सोपा नाही. लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक, मग घरी येऊन मुलाखत. तुमच्या सुनेला वेगळं बसवून विचारलं, हा रागावला की कसा वागतो, घरात बंदूक असली तर तुला चालेल का. ती नाही म्हणाली असती तर तिथंच विषय संपला असता. बंदूक तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात. २०१९ साली क्राइस्टचर्चला मशिदींवर हल्ला झाला तेव्हापासून नियम आणखी कडक झालेत, आणि व्हायलाच हवे होते.

मार्चच्या शेवटी आणि एप्रिलमध्ये नर डरकाळ्या फोडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हरणाचा आवाज आहे यावर विश्वास बसला नाही. तेव्हा रानात शिकारीही पुष्कळ, आणि हरीण समजून माणसाला गोळी लागल्याचे प्रकार घडलेत. म्हणून पहिला धडा हाच, की अख्खं जनावर दिसल्याशिवाय आणि त्याच्यामागं काय आहे ते कळल्याशिवाय बोट घोड्यावर जाता कामा नये. गेल्या एप्रिलमध्ये आयर डोंगरांत एक मोठा नर कड्यावर उभा होता, आकाशाला टेकलेला. मागं नुसतं आभाळ. गोळी चुकली तर पलीकडच्या खोऱ्यात कुठं जाईल सांगता येत नाही. मी बंदूक खाली घेतली. दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी एक मादी मिळाली, एका गोळीत पडली. तिथंच साफ केली, मांस पाठीवर घेऊन अंधार पडेपर्यंत चाललो. काही टाकलं नाही. हेही मांस विकता येत नाही. फार्मवरच्या सगळ्यांना वाटलं, आणि उरलेल्याचा तांबडा रस्सा केला. जनावर पडतं तेव्हा वाईट वाटतं, आबा. ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी बंदूक परत करीन.

तुमचे आजोबा संस्थानच्या शिकारीत दाजीपूरला हाकारे म्हणून जायचे, हे तुम्हीच सांगितलंत. १९५८ साली त्या रानाचं अभयारण्य झालं आणि पुढं १९७२ चा कायदा आला, ते योग्यच झालं. गवा तिथला मूळचा राहणारा, त्याला खाणारे वाघ-बिबटेही तिथलेच. तिथं बंदुकीला काम नाही. म्हणून धाकट्याला माझ्या नावानं दटावून सांगा. रानडुकरांनी ऊस लोळवला की तो पोरांबरोबर रात्री बॅटरी घेऊन निघतो हे मला कळलंय. वनखात्याकडून पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज करा. चार खेटे पडतील, पडू देत.

तर जानेवारीत या, तुम्ही आणि आई. तेव्हा इथं उन्हाळा, रात्री नऊपर्यंत उजेड, आणि गाई व्यालेल्याला बरेच दिवस झालेले असल्यानं मलाही सुट्टी मिळते. पासपोर्टचं काम आता कोल्हापुरातच होतं, पुण्याला जायला नको, पण पोलिस पडताळणीला वेळ लागतो, म्हणून याच आठवड्यात अर्ज करा. मसाला आणि चटणी दुकानातलं बंद पाकीट आणा आणि इथं येणाऱ्या प्रवाशांच्या फॉर्मवर लिहा. न सांगता काही निघालं तर जागेवर चारशे डॉलर दंड. मध, फळं, बी-बियाणं अजिबात नको. तुमचे गळ आणायचे असतील तर धुऊन, वाळवून आणा, आणि तेही फॉर्मवर लिहा. बूट नवेच घ्या. शेतातल्या चिखलाचे बूट ते विमानतळावरून पुढं जाऊ देत नाहीत.

आईस नमस्कार. आजीस शिरसाष्टांग नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद.

तुमचा,
थोरला