सूचना : गृहपाठाची तयार उत्तरं देऊ नका

नमस्कार मंडळी,

मुलं आपल्या अभ्यासगटावर वहीच्या पानाचा फोटो टाकतात आणि पाच मिनिटांत कुणीतरी अख्खं गणित सोडवून पाठवतं. हेतू चांगलाच असतो. पण परवा दहावीतल्या एका मुलीनं वर्गसमीकरण बिनचूक लिहून आणलं होतं. "१५ चे ९ आणि ६ असेच तुकडे का केलेस गं?" विचारल्यावर ती खाली मान घालून गप्प बसली. फार वाईट वाटलं.

म्हणून येत्या सोमवारपासून :

• आधी मुलानं केलेला प्रयत्न मागवा, चुकलेला असला तरी. मग अडलेली पायरी तेवढीच सांगा. "गुणाकार ५४ आणि बेरीज १५ येईल अशा दोन संख्या कोणत्या?" एवढं विचारलं तरी पुरतं.
• तरीही जमत नसेल, तर त्याच प्रकारचं दुसरं उदाहरण सोडवून दाखवा.
• निबंध लिहून देऊ नका.

शब्दाचा अर्थ किंवा विसरलेलं सूत्र थेट सांगायला काहीच हरकत नाही.

याबद्दल बोलायला रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयात जमू या. नव्यानं आलेल्या ताई-दादांनी नक्की यावं. ज्यांना जमणार नाही त्यांनी शनिवारपर्यंत कळवा.